आयरिश पूर्वजांचा माग: जन्म-मृत्यूची दप्तरं आणि जुनी खानेसुमारी कशी वाचायची

पुण्याच्या कॅम्पातल्या एका ओळखीच्या आजींनी पत्र्याच्या पेटीतून एक घडी पडलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला, तिथून मी या कामात पडलो. त्यांचे आजोबा खडकीच्या छावणीत गोरे शिपाई होते. आडनाव रायन. घरात पिढ्यान्पिढ्या एवढंच सांगितलं जायचं की ‘आपण मूळचे कॉर्कचे’. आजींना गाव हवं होतं. आपल्याकडे कुलवृत्तांत चाळतात, त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही शोधतात, तीच ओढ. फक्त वही सात समुद्रांपलीकडची.

तो कागद लष्करात भरती होतानाचा होता. त्यावर छापील प्रश्न असतो: जन्म कोणत्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चखालच्या परिसरात), कोणत्या शहराजवळ, कोणत्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात)? उत्तर होतं नीना शहराजवळ, काउंटी टिपरेरी. कॉर्कचा संबंध बहुधा जहाजापुरताच असावा. हा अनुभव मला नंतर वारंवार आला. घराच्या आठवणीत गाव पुसट होतं आणि बंदर ठळक राहतं. म्हणून घरात ऐकलेल्या गावावर लगेच शिक्का मारू नका. आधी कागद शोधा.

सुरुवात आयर्लंडमध्ये करायची नाही

नवखा माणूस थेट आयरिश संकेतस्थळ उघडतो आणि ‘मायकेल रायन’ टाकतो. शेकड्यांनी नोंदी समोर येतात आणि दोन दिवसांत उत्साह मावळतो. शोध नेहमी आजपासून मागे न्यायचा, एकेक पिढी करत. पूर्वज जिथे जाऊन वसला तिथली कागदपत्रं आधी संपवायची, कारण आयर्लंडमधलं ठिकाण तिथेच लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडच्या कुटुंबांसाठी, म्हणजे पुणे, खडकी, देवळालीच्या छावण्या किंवा भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींशी नातं असलेल्या घरांसाठी, मुख्य साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात आहे. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या चर्चकडून आलेल्या प्रती तिथे ‘एन-३’ या मालिकेत लावलेल्या आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेच्या संकेतस्थळावर बऱ्याच नोंदींची सूची फुकट शोधता येते. एक अडचण आधीच सांगतो. कॅथलिक चर्चकडून अशा प्रती उशिरा जायला लागल्या आणि त्याही अपुऱ्या. आयरिश शिपाई बहुधा कॅथलिक. त्यामुळे लंडनच्या प्रतीत नाव नसेल, तर इथल्या चर्चची मूळ वही पाहिल्याशिवाय ‘नोंद नाही’ म्हणू नये.

आणि हे आयरिश शिपाई इथे तुरळक नव्हते. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतली गोरी पलटण पुढे १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स झाली, आणि १८८१ मध्ये मद्रासच्या तशाच पलटणीबरोबर एकत्र करून तिची ‘रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स’ बनवली गेली. मुंबईचं नाव असलेली पलटण डब्लिनची झाली. कोणाच्या घरात या पलटणीचा बिल्ला निघाला, तर हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

इथल्या कागदांमधून चार गोष्टी वेगळ्या वहीत उतरवून घ्या: नाव, धर्मपंथ, जन्माचं साधारण साल, आणि काउंटी किंवा त्याहून नेमकं ठिकाण. त्यात आईचं माहेरचं आडनाव मिळालं, तर अर्धं काम झालं असं समजा.

काय जळलं आणि काय उरलं

‘आयर्लंडची सगळी कागदपत्रं जळाली’ हे वाक्य तुम्हाला कुठेतरी ऐकू येणारच. ते खरं नाही, आणि त्यावर विश्वास ठेवून कित्येक जण अर्ध्यावर सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यादवी युद्धाच्या सुरुवातीला, ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दप्तरखानं उद्ध्वस्त झालं. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार खानेसुमाऱ्यांचे मूळ कागद त्यात गेले, थोडे तुकडे वाचले. १८६१ आणि १८७१ चे कागद मात्र आगीत गेलेच नाहीत. आकडे काढून झाल्यावर सरकारनेच ते नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगद्याला गेले. आगीत चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे तिथल्या अँग्लिकन पंथाच्या, निम्म्याहून अधिक पॅरिश वह्याही गेल्या.

उरलेलं पुष्कळ आहे. १९०१ आणि १९११ च्या खानेसुमाऱ्यांचे घराघराचे कागद संपूर्ण देशाचे शाबूत आहेत. जन्म, मृत्यू, विवाहाची नागरी नोंदणी वेगळ्या कार्यालयात होती, ती वाचली. कॅथलिक पॅरिशच्या वह्या पाद्र्यांकडेच असायच्या, त्यामुळे त्याही वाचल्या. शिवाय जळलेल्या दप्तरांच्या जगभर विखुरलेल्या नकला गोळा करून २०२२ मध्ये ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड’ हा डिजिटल संग्रह खुला झाला, तोही फुकट.

१९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असल्यामुळे खानेसुमारी झालीच नाही. पुढची झाली १८ एप्रिल १९२६ ला, आणि तिचा गुप्ततेचा १०० वर्षांचा काळ १८ एप्रिल २०२६ रोजी पुरा होतो. ती फक्त दक्षिणेकडच्या २६ काउंट्यांची आहे.

टाउनलँड: आयरिश पत्त्याचा प्राण

हा भाग नीट समजून घ्या. बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे.

आयर्लंडमध्ये ३२ काउंट्या. काउंटीच्या पोटात बॅरनी, बॅरनीत सिव्हिल पॅरिश (सरकारी कामकाजापुरती पॅरिश), आणि पॅरिशच्या पोटात टाउनलँड. नावात ‘टाउन’ असलं तरी हे शहर नव्हे. आपल्या कोकणातली वाडी डोळ्यांपुढे आणा: काही घरं, त्यांची शेतं, एक ओढा, आणि शतकानुशतकं चालत आलेलं नाव. अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँड तिथे आहेत. ‘रायन’ हे आडनाव टिपरेरीत इतकं आहे की नावावरून माणूस ओळखणं अशक्य. टाउनलँड कळलं की तोच माणूस ओळखू येतो.

घोटाळा होतो तो दुसऱ्या एका विभागणीमुळे. जन्म-मृत्यूची नोंद पॅरिशवार नव्हे, तर ‘सुपरिंटेंडंट रजिस्ट्रार डिस्ट्रिक्ट’वार ठेवली गेली, आणि हे जिल्हे बेतले गेले गरिबांसाठीच्या कायद्याखाली आखलेल्या ‘पुअर लॉ युनियन’वर. युनियनचं नाव तिच्या मुख्य बाजारगावावरून पडायचं आणि तिची हद्द काउंटीची सीमा पाळायची नाही. बॅलिनस्लो युनियन गॉलवे आणि रॉसकॉमन या दोन काउंट्यांत पसरली होती. कॅरिक-ऑन-शुअर तर टिपरेरी, वॉटरफर्ड आणि किलकेनी अशा तिघींत. म्हणजे तुमचा पूर्वज रॉसकॉमनचा असूनही त्याचा जन्म ‘बॅलिनस्लो’खाली सापडेल, आणि तुम्ही ते गॉलवेतलं गाव म्हणून सोडून द्याल. खानेसुमारीत आणखी एक एकक येतं, ‘डिस्ट्रिक्ट इलेक्टोरल डिव्हिजन’. कॅथलिक पॅरिशची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळेलच असंही नाही, नावंही वेगळी असू शकतात.

म्हणून शोधाच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या टाउनलँडची उतरंड लिहून काढा: काउंटी, सिव्हिल पॅरिश, कॅथलिक पॅरिश, युनियन, इलेक्टोरल डिव्हिजन. ‘लॉगॅनम’ या सरकारी स्थलनामकोशात आणि ‘टाउनलँड्स डॉट आयई’वर हे पंधरा मिनिटांत होतं. ही पंधरा मिनिटं पुढचे पंधरा दिवस वाचवतात.

१९०१ आणि १९११ ची खानेसुमारी

या दोन्ही खानेसुमाऱ्या आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ आयर्लंडने, फुकट खुल्या केल्या आहेत. एक ३१ मार्च १९०१ च्या रात्रीची, दुसरी २ एप्रिल १९११ च्या रात्रीची. त्या रात्री घरात जो होता तो कागदावर आला. पाहुणा असला तरी आला, आणि घरचा मुलगा परगावी असला तर तिथल्या घरात लिहिला गेला.

तुमचा पूर्वज १८९० मध्येच देश सोडून गेला असेल तर याचा काय उपयोग? पुष्कळ आहे. मागे राहिलेले आईबाप आणि भावंडं इथे भेटतात.

‘फॉर्म ए’ घरातल्या कर्त्याने भरायचा. त्यात नाव, कर्त्याशी नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, व्यवसाय, लग्न झालं आहे का, जन्माची काउंटी, आयरिश भाषा येते का, असे रकाने. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावाशेजारी फुलीची खूण असते आणि फॉर्म पोलीस शिपायाच्या हातचा असतो, कारण गणना करायला पोलीसच फिरत. १९११ मध्ये विवाहित बायकांसाठी तीन रकाने वाढले: लग्नाला वर्षं किती, मुलं झाली किती, हयात किती. ‘झाली ११, हयात ६’ अशी ओळ समोर आली की थांबायला होतं. ते पाच मृत्यू आता नागरी नोंदणीत शोधायचे असतात. विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते, पण कित्येकींनी भरले आणि गणकाने त्यावर रेघ ओढली. रेघेखालचा आकडा वाचता येतो, तो जरूर वाचा.

बहुतेक जण ‘फॉर्म ए’ पाहून परततात. तसं करू नका. शेजारी ‘बी-१’ असतो, त्यात भिंती कशाच्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती आणि जमीनमालक कोण ते लिहिलेलं असतं. ‘बी-२’ मध्ये गोठे, तबेले, कोंबड्यांची खुराडी. घराची ऐपत या दोन कागदांतून दिसते, आणि जमीनमालकाचं नाव पुढे जमिनीच्या दप्तरात कामाला येतं. त्याच टाउनलँडची सगळी घरं एकदा वाचून काढा. सुनेचं माहेर दोन घरं टाकून असणं तिथे अगदी नेहमीचं आहे.

वयावर मात्र विसंबू नका. १९०१ मध्ये ५६ असलेली बाई १९११ मध्ये ७० ची झालेली दिसेल. वृद्धांच्या पेन्शनचा कायदा १९०८ मध्ये झाला, जानेवारी १९०९ पासून ७० पुऱ्या झालेल्यांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले, आणि पुष्कळांची वयं झपाट्याने वाढली. कित्येकांना आपलं खरं वय माहीतही नव्हतं, हेही तितकंच खरं.

याच पेन्शनने शोधकांच्या हाती एक मोठं धन ठेवलं आहे. त्या काळी सत्तरीच्या माणसाकडे जन्माचा दाखला असणं शक्य नव्हतं, म्हणून अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारीत त्याचं नाव शोधून पाहत. मूळ खानेसुमारी जळाली, पण या शोधाच्या चिठ्ठ्या उरल्या. त्यांवर अर्जदाराचं नाव, आईबापांची नावं आणि १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या काळातलं टाउनलँड असतं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या शोधता येतात. १८४१ मध्ये बेटाची लोकसंख्या ८१ लाखांवर होती, १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. त्या दहा वर्षांतल्या एखाद्या घराचा दुसरा कुठलाही पुरावा नसताना ही एक चिठ्ठी हाती लागते.

नागरी नोंदणी: कोणत्या सालापासून काय

कॅथलिकेतर विवाहांची नोंद १ एप्रिल १८४५ पासून. सगळ्यांचे जन्म, मृत्यू आणि विवाह १ जानेवारी १८६४ पासून. ‘आयरिश जीनिऑलॉजी डॉट आयई’ या सरकारी संकेतस्थळावर वहीच्या पानांची छायाचित्रं फुकट पाहता येतात. १०० वर्षांपलीकडचे जन्म, ७५ वर्षांपलीकडचे विवाह आणि ५० वर्षांपलीकडचे मृत्यू खुले आहेत. अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, लंडनडेरी आणि टायरोन या सहा काउंट्या आज उत्तर आयर्लंडमध्ये येतात. त्यांच्यासाठी बेलफास्टचं ‘ग्रोनी’ हे वेगळं कार्यालय आहे आणि तिथे नोंद उघडायला पैसे पडतात.

कोणत्या दारात जायचं हे कसं ठरवायचं, ते आपल्या ओळखीच्या नावावर पाहू. भगिनी निवेदिता, मूळ नाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल, जन्म २८ ऑक्टोबर १८६७, गाव डंगॅनन, काउंटी टायरोन. साल १८६४ नंतरचं, म्हणजे जन्म नागरी नोंदणीच्या काळातला. टायरोन उत्तरेत, म्हणजे ‘ग्रोनी’कडे पाहायचं. घर प्रॉटेस्टंट, म्हणजे आईवडिलांच्या लग्नाची नोंद १८६४ च्या आधीची असली तरी ती नागरी दप्तरातच शोधायची. हेच घर कॅथलिक असतं तर त्या लग्नासाठी चर्चची वही गाठावी लागली असती. साल, काउंटी आणि पंथ कळले की निम्म्या चुका टळतात.

आता जन्माच्या वहीतली एक ओळ जवळून पाहा. जन्माची तारीख आणि ठिकाण, बाळाचं नाव, वडिलांचं नाव आणि राहण्याचं ठिकाण, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, वडिलांचा व्यवसाय, मग खबर देणाऱ्याची सही किंवा फुली. ठिकाणाच्या रकान्यात टाउनलँड असतं, इतके दिवस ज्याच्या मागे होतो ते हेच. खबर देणारी व्यक्ती आजी, मावशी किंवा शेजारीण असू शकते. तिचंही नाव टिपून ठेवा.

तारखेचा एक गोंधळ ठरलेला. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा ३ मार्चचा आणि सरकारी वहीत जन्म २० मार्चचा! मुदत उलटल्यावर दंड बसू नये म्हणून आईबाप जन्माची तारीख पुढे सरकवून सांगत. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरा. पहिल्या काही वर्षांत बरीच बाळं नोंदलीच गेली नाहीत, हेही लक्षात असू द्या.

लग्नाच्या नोंदीत वधू-वरांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय असतात, आयांची नसतात. वयाच्या जागी ‘फुल एज’ लिहिलं असेल तर अर्थ एवढाच की २१ पुरी. मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं नसतात, तिथे सगळी भिस्त वय, टाउनलँड आणि खबर देणाऱ्याच्या नात्यावर.

नावांचे अवतार हा स्वतंत्र अभ्यास आहे. ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी लागतात, कधी गळतात. ओब्रायन आणि ब्रायन एकाच घरातले असू शकतात. ब्रिजेट ही बिडी किंवा डीलिया होते, होनोरा ही नोरा होते. चर्चच्या वह्या लॅटिनमध्ये असल्या तर जेम्सचा जेकोबस आणि विल्यमचा गुलिएल्मस होतो. शोधताना आडनावाचं एकच स्पेलिंग धरून बसू नका.

सापडलेला माणूस आपला नाही, हे आधी तपासा

इथे मी स्वतः सहा महिने घालवले, म्हणून हा भाग कळकळीने लिहितो आहे.

नीना जिल्ह्यात आजींच्या आजोबांच्या वयाचा मायकेल रायन मला पहिल्याच आठवड्यात मिळाला. साल जुळलं, काउंटी जुळली. मी आनंदात त्याच्या आईबापांवरून मागे मागे गेलो, झाड वाढवलं, आजींना दाखवलंसुद्धा. पुढे सहज १९११ ची खानेसुमारी पाहिली, तर तोच मायकेल त्याच टाउनलँडमध्ये, म्हाताऱ्या आईसोबत, शेतकरी म्हणून हजर. आणि आमचा मायकेल त्या वर्षी खडकीला होता, त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा इथल्या वहीत आहे. आजींकडे जाऊन ते झाड खोडायला लागलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. त्या जिल्ह्यातले मागचे-पुढचे तीन वर्षांतले सगळे मायकेल रायन उतरवायचे, आणि एकेकाला कशाच्या आधारे वगळता येतं ते पाहायचं. लहानपणी वारलेला मृत्यूच्या नोंदीत सापडतो. गावातच राहिलेला खानेसुमारीत सापडतो. शेवटी उरतो तो आपला असण्याची शक्यता. मग भावंडांच्या नावांवर या. आयरिश घरांत पुष्कळदा पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं आणि दुसरीला वडिलांच्या आईचं नाव ठेवत. आजींच्या आत्याचं नाव नोरा होतं, आणि ती घरातली दुसरी मुलगी. उरलेल्या एका मायकेलच्या आईचं नाव जन्माच्या वहीत होनोरा निघालं. केवळ या एका गोष्टीवर मी थांबलो नसतो, पण भरतीच्या कागदावरची पॅरिशही त्याच टाउनलँडची होती.

१८६४ च्या मागे

यापलीकडे कॅथलिक पॅरिशच्या वह्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हजारांहून अधिक पॅरिशच्या, साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रं २०१५ मध्ये फुकट खुली केली. पानं स्वतः वाचावी लागतात. सूची हवी तर ‘रूट्स आयर्लंड’ या सशुल्क संकेतस्थळावर बरीच मिळते. पुष्कळ ग्रामीण वह्या १८२०-३० च्या सुमारासच सुरू होतात. बाप्तिस्म्याचे धर्ममातापिता बहुधा काका-मावशीच असतात, त्यांची नावं सोडू नका.

जमिनीच्या बाजूने १८४७ ते १८६४ दरम्यानचं ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’, म्हणजे करासाठी केलेलं जमीन-घरांचं मूल्यांकन, आहे, ‘आस्क अबाउट आयर्लंड’वर नकाशांसह फुकट. त्यात फक्त कब्जेदार आणि मालक असतो, कुटुंब नाही. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असले, तर बापाचं नाव किंवा टोपणनाव पुढे जोडलेलं असतं. त्याच्याही मागे १८२३ ते १८३७ च्या सुमाराच्या ‘टाइद अ‍ॅप्लॉटमेंट’ वह्या, शेतजमिनीवरच्या धर्मकराच्या. बिनजमिनीचा मजूर त्यांत दिसत नाही.

ग्रिफिथनंतरच्या फेरबदलांच्या वह्या मात्र मला सगळ्यांत प्रिय आहेत, कारण त्या वाचायला मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या फेरफाराच्या नोंदीच त्या! जमीन बापाकडून मुलाकडे गेली की जुनं नाव खोडून वर नवं लिहायचं, दर खेपेला वेगळ्या रंगाची शाई, आणि कडेला साल. खोडलेल्या नावाशेजारचं साल धरून एक-दोन वर्षं मागे मृत्यूची नोंद शोधली की बऱ्याचदा सापडते. उत्तरेच्या वह्या बेलफास्टच्या ‘प्रोनी’ या दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर आहेत. बाकीच्यांसाठी डब्लिनच्या मूल्यांकन कार्यालयाकडे विचारणा करावी लागते, ते २०२३ पासून ‘टाल्टे एरन’ या सरकारी संस्थेत सामावलं आहे.

शोध नागरिकत्वासाठी असेल तर एक सूचना. आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मलेले असतील तर ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’साठी, म्हणजे परदेशात जन्मलेल्या आयरिश वंशजांच्या नोंदवहीसाठी, अर्ज करता येतो. तिथे संकेतस्थळावरून काढलेली छापील प्रत चालत नाही, प्रत्येक पिढीचे अधिकृत दाखले लागतात.

आजींना नागरिकत्व नको होतं. त्यांच्यासाठी मी फेरबदलाच्या वहीतल्या एका पानाची प्रत मागवली. त्या टाउनलँडच्या तिसऱ्या ओळीत निळ्या शाईत त्यांच्या खापरपणजोबांचं नाव आहे, ते खोडून लाल शाईत पणजोबांचं, आणि तेही खोडून हिरव्या शाईत होनोरा रायन, विधवा. आजींनी भिंग लावून ते तिन्ही रंग पाहिले, आणि पेटीतल्या त्या भरतीच्या कागदाखाली ती प्रत ठेवून दिली.